फीत कापण्याआधी

प्रति,
महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे सर्व नगराध्यक्ष



मी एका 'क' वर्ग नगरपरिषदेच्या गावात राहतो. चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. आता माझी ठरलेली कामं दोनच. नातवाला शाळेत सोडायचं आणि बुधवारी बाजाराला जायचं. हे पत्र लिहायची वेळ आली ती त्या बाजारात.

मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एका मावशींकडून मी बरीच वर्षं भाजी घेतो. परवा त्यांच्याकडे उभा असताना मोटरसायकलवरून एक पोरगा आला. मावशींनी कनवटीची शंभराची नोट काढून दिली, त्याने एका पिवळ्या कार्डावर फुली मारली आणि तो पुढच्या पाटीकडे गेला. मी कार्ड बघायला मागितलं. कर्ज दहा हजार. हातात मिळाले नऊ, कारण हजार आधीच कापून घेतले. फेड रोज शंभर रुपये, शंभर दिवस. सवयीने मी हिशेब मांडला. वरवर बघता हजार रुपये व्याज, म्हणजे दहा टक्के. पण मुद्दल रोज कमी होत जातं आणि मुदत जेमतेम सव्वातीन महिन्यांची. वर्षाचा दर काढला तर तो ७८ टक्क्यांच्या आसपास जातो.

हे मी मावशींना सांगितलं, जरा फुशारकीनेच. त्या जुडीला सुतळी बांधत म्हणाल्या, "हजार जात्यात, मला काय कळत न्हाई व्हय साहेब? पण पहाटं पाचला मार्केटात रोख मोजावी लागती, तवा तुमची बँक उघडी असती का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तुमच्या नगरपरिषदेकडे होतं. जून २०२० पासून फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना चालू आहे. पहिलं कर्ज तेव्हा दहा हजारांचं होतं, आता पंधरा हजारांचं आहे. तारण लागत नाही आणि वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत मिळते. त्यासाठी विक्रेत्याचं नाव तुमच्या सर्वेक्षणात असावं लागतं, नसेल तर तुमच्याच कार्यालयाचं शिफारसपत्र लागतं. मावशींनी योजनेचं नाव ऐकलं होतं, पण "ते मोठ्या शहरातल्यांचं" अशी त्यांची समजूत होती. आमच्या नगरपरिषदेत त्या योजनेची सूचना पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारच्या फलकावर काचेआड लावलेली आहे. बाजार तिथून चारशे पावलांवर भरतो.

एवढ्या चारशे पावलांसाठी हे पत्र आहे.

'आर्थिक साक्षरता' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र येतं. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या, पडद्यावर चित्रं, बचतीचं महत्त्व सांगणारा पाहुणा, शेवटी चहा आणि फोटो. पण आमच्या गावातल्या बायकांना बचत शिकवायची म्हणजे गवळ्याला दूध मोजायला शिकवण्यासारखं आहे. वीस जणींची भिशी कागदाचा कपटाही न वापरता वर्षानुवर्षं चालते. कोणाचा नंबर कधी, कोणाच्या मुलीच्या लग्नासाठी कोणी आपला नंबर मागे सरकवला, सगळं तोंडपाठ. शेकडा तीन रुपयांनी घेतलेल्या पैशाला वर्षाला छत्तीस रुपये पडतात हेही त्यांना ठाऊक असतं. त्यांना हिशेब येतो. कोणत्या दारात विश्वासाने जावं आणि कोणत्या दारापासून चार हात लांब राहावं, ही खात्रीची माहिती मात्र त्यांना कोणी देत नाही. अशी माहिती नसली की माणूस काय करतो? आपण ज्याला ओळखतो तो कुठे जातो ते बघतो.

मीही तेच केलं. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशातले दोन लाख मी गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. बँक सात टक्के देत होती, तिथे अकरा मिळत होते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या, त्याने त्या संस्थेचा ताळेबंद मागितला नाही, ऑडिटचा वर्ग विचारला नाही. का? दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीवर उद्घाटनाचा मोठा फोटो होता. त्यात त्या वेळचे नगराध्यक्ष हातात कात्री घेऊन उभे, मागे सहा-सात नगरसेवक. मला वाटलं, एवढी माणसं आली आहेत, कोणीतरी बघितलंच असेल. पुढे एके दिवशी शटर खाली आलं ते आलंच. नगराध्यक्षांना भेटलो तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, "अहो, बोलावलं म्हणून गेलो. आम्हाला काय माहीत आत काय चाललंय?"

त्यांची काही चूक नव्हती, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. आता तसं वाटत नाही. नगराध्यक्षाच्या हातातली कात्री ही गावाच्या नजरेत पंचांची सही असते. ती सही कोणत्या कागदावर होते आहे हे बघणं हे गावाला आर्थिक साक्षर करण्याचं पहिलं काम, आणि ते तुमच्यापासून सुरू होतं.

आमच्या स्टेशन रोडवर दोनशे मीटरच्या आत चार पाट्या आहेत. एक सहकारी बँक, एक पतसंस्था, एक मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी आणि एक निधी कंपनी. चारही ठिकाणी काचेचं दार आहे, आत टोकन आहे, गणवेशातल्या मुली आहेत आणि दिनदर्शिकेवर लक्ष्मी आहे. संध्याकाळी पिग्मी गोळा करणारी माणसंही चारही ठिकाणची सारखीच दिसतात. पण आत ठेवलेल्या पैशाच्या मागे कोण उभं आहे, ते चारही ठिकाणी वेगळं.

बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असते आणि तिथल्या ठेवीला विमा असतो. एका ठेवीदाराला एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून पाच लाखांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी एकच लाख होती. त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येत होते. पुढे २०२१ मध्ये कायदा बदलला आणि बँकेवर असे निर्बंध आले तरी विम्याची रक्कम नव्वद दिवसांत हातात पडावी अशी तरतूद झाली. मल्टिस्टेट, पतसंस्था आणि निधी या तिघांना हा विमा लागू नाही. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याकडे नोंदलेली असते. मल्टिस्टेट २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येते आणि तिचा निबंधक दिल्लीत बसतो. निधी कंपनी कंपनी कायद्याखाली असते आणि तिला फक्त सभासदांकडूनच ठेवी घेता येतात. यांतल्या कित्येक संस्था चोख चालतात, गावाचा छोटा धंदा त्यांच्याच जिवावर उभा आहे, हे मी नाकारत नाही. पण पाच लाखांचा विमा असलेली आणि नसलेली पाटी शेजारी शेजारी लागते आणि खालून जाणाऱ्या माणसाला दोन्ही 'बँकच' वाटतात. पतसंस्थांनी नावात 'बँक' शब्द वापरण्याबद्दल २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला जनतेला सावध करावं लागलं.

नावाचा खेळ काय करू शकतो हे महाराष्ट्राने बघितलं आहे. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने लोकांकडून सात हजार कोटींहून जास्त पैसे बेकायदा गोळा केल्याचं सेबीने म्हटलं. गुंतवणूकदार होते पन्नास लाखांवर. कंपनीच्या नावातच सरकारी कागदाचं नाव, त्यावर विश्वास बसायला किती वेळ लागणार! पैसे बुडाल्यावर ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होतात, लिलाव होतात, पण त्यात वर्षं जातात. ठेवीदार म्हातारा होतो आणि फाइल तरुण राहते. म्हणून काय सांगायचं ते पैसे जाण्याआधी सांगावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, हे आमच्याच गळ्यात का? रिझर्व्ह बँक आहे, प्रत्येक जिल्ह्याला अग्रणी बँक आहे, आर्थिक साक्षरता केंद्रं आहेत, दरवर्षी आर्थिक साक्षरता सप्ताह होतो. सगळं खरं आहे. मी स्वतः अशा शिबिरांत माईक धरला आहे. समोर बसलेले निम्मे लोक आमचेच खातेदार असायचे आणि उरलेल्यांना आम्ही बोलता बोलता विमा विकायचो. बँकेला टार्गेट असतं हो. शिकवणारा आणि विकणारा एकच असला की शिकणारा मनातून सावध होतो, आणि तो बरोबर करतो.

नगरपरिषद काही विकत नाही, ही तुमची पहिली जमेची बाजू. दुसरी म्हणजे पोहोच. गावातल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत रोज जाणारी एकच सरकारी गोष्ट आहे, ती म्हणजे घंटागाडी. प्रत्येक मिळकतीला दरवर्षी हमखास मिळणारा एकच आर्थिक कागद आहे, तो म्हणजे घरपट्टीचं बिल. तुमच्याएवढं वितरणाचं जाळं गावात कोणत्याही बँकेकडे नाही. कायद्याचा आधार हवा असेल तर ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि आर्थिक-सामाजिक विकासाचं नियोजन हे विषय नगरपालिकांच्या यादीत आहेत. सावकाराच्या पिवळ्या कार्डापासून एक बाई वाचली तर ते दारिद्र्य निर्मूलनच झालं.

शिवाय तुम्ही स्वतः धनको आहात, हे विसरू नका. घरपट्टी थकली की दरमहा दोन टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला चोवीस. किती घरमालकांना हे माहीत आहे? आमच्या आळीतल्या एका विधवा बाईंनी तीन वर्षं घरपट्टी भरली नाही आणि तेवढे पैसे बँकेत साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले. 'ठेव मोडायची नाही' हे त्यांना कोणीतरी पक्कं शिकवलं होतं. साडेसहा मिळवण्यासाठी त्या चोवीस भरत होत्या. तुमच्या बिलावर शास्तीचा रकाना होता, पण वर्षाचा दर कुठेही लिहिलेला नव्हता. दुसऱ्यांना पारदर्शकपणा शिकवण्याआधी तेवढी एक ओळ आपल्याच बिलावर छापा.

काय करता येईल ते मला सुचतं तसं मांडतो. यातलं काहीही करायला मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत.

एक, कात्री. सर्वसाधारण सभेत ठराव करा की नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि सभापती कोणत्याही वित्तसंस्थेच्या उद्घाटनाला जाण्याआधी तिचं नोंदणी प्रमाणपत्र, शेवटचा लेखापरीक्षण वर्ग आणि ठेवींना विमा आहे की नाही याचं लेखी उत्तर मागतील. दसऱ्याला आणि पाडव्याला आमंत्रणांचा ढीग येतो, तेव्हा हा ठराव तुमच्याच उपयोगी पडेल. 'ठराव आहे हो, कागद द्या' म्हणून सुटता येईल.

दोन, फलक. चौकातल्या होर्डिंगला परवानगी तुमचीच लागते. ठेवी मागणाऱ्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि 'ठेव विमा लागू आहे / नाही' हे व्याजदराच्याच आकाराच्या अक्षरात असावं, अशी अट परवानगीत घालता येते का हे तुमच्या विधी सल्लागाराला विचारा. बारा टक्के दोन फुटी अक्षरात लिहिणाऱ्याला 'विमा नाही' हे दोन शब्दही दोन फुटी लिहायला काय हरकत आहे?

तीन, घंटागाडी. ओला कचरा-सुका कचरा आमच्या शेंबड्या पोरांनाही पाठ झालंय, ते तिच्या रोजच्या गाण्यामुळे. आठवड्यातून एक दिवस गाण्याच्या जागी एक वाक्य वाजवा. एका आठवड्याला एकच. 'लाडकी बहीणचे पैसे मिळवण्यासाठी कोणालाही ओटीपी सांगायचा नाही.' पुढच्या आठवड्यात, 'फोनवरून पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा.' लाडकी बहीण योजनेमुळे ऑगस्ट २०२४ पासून गावातल्या कितीतरी बायकांच्या खात्यात पहिल्यांदाच दरमहा दीड हजार रुपये स्वतःच्या नावाने येऊ लागले. पैसे आले तसे ते लुबाडणारेही आले. केवायसीच्या नावाने मोबाइलवर येणारी लिंक खरी की खोटी, हे त्या बाईने पाचवीतल्या मुलाला विचारायचं का?

चार, बिलाची मागची बाजू. ती आजवर कोरी आहे. तिथे स्टेशन रोडवरच्या चार पाट्यांतला फरक छापा, चार ओळींत. आणि त्याखाली गटाच्या कर्जाचे नियम छापा. आमच्याकडे मायक्रोफायनान्स कंपनीच्या कर्जालाही 'गटाचे पैसे' म्हणतात, त्यामुळे बायकांना तो आपला बचत गटच वाटतो. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणींना मीटिंगमध्ये बसवून ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे हे कर्ज वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी असतं, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. वसुलीसाठी दारात उभ्या असलेल्या माणसाला दाखवायला बाईच्या हातात नगरपरिषदेचा कागद असला, तर तिचा आवाज वेगळा लागतो.

पाच, बाजाराच्या दिवशी एक टेबल. सभागृहात नको, बाजारातच, पाण्याच्या टाकीखाली. गावात निवृत्त बँकवाले, पोस्टवाले, शिक्षक भरपूर आहेत आणि त्यातले बरेच दिवसभर पेपरच वाचत असतात. त्यांना बसवा. अग्रणी बँकेच्या समुपदेशकाला महिन्यातून एकदा बोलवा. नियम दोनच. टेबलावर काहीही विकायचं नाही आणि 'या संस्थेत ठेवा' असं सांगायचं नाही. कागद वाचून दाखवायचा, दर वर्षावर आणून सांगायचा, अर्ज भरून द्यायचा. स्वनिधीचं शिफारसपत्रही त्याच टेबलावर मिळालं तर ती चारशे पावलं संपली.

या सगळ्यात एक अडचण आहे आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. आपल्याकडे पतसंस्थेचा संचालक आणि नगरसेवक पुष्कळदा एकच असतो. निवडणुकीला उभं राहायचं तर मागे एखादी संस्था लागते, आणि संस्था वाढवायची तर हातात एखादं पद असलेलं बरं. अशा सभागृहात वरचा ठराव मांडला की काही माना खाली जातील. त्यांना एवढंच सांगा की ज्याचं ऑडिट 'अ' वर्गाचं आहे त्याला कागद दाखवायला भीती कसली? उलट चांगल्या संस्थेचा आज तोटाच होतो आहे. शेजारचा दोन टक्के जास्त देतो म्हणून तिच्या ठेवी पळतात, आणि शेजारचं शटर पडलं की घाबरून लोक हिच्याही दारात रांग लावतात. गाव साक्षर झालं तर सगळ्यात आधी फायदा होईल तो सचोटीने चालणाऱ्या पतसंस्थेचा.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला अवास्तव वजन येणार नाही. नवऱ्याला दवाखान्यात टाकल्यावर रात्री अकराला जी बाई वीस हजार शोधते, तिला कोणतंही टेबल उपयोगी पडणार नाही. ती शेकडा दहाने घेईल, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही घेतले असते. माहितीने गरिबी जात नाही. पण निदान नाडलं जाणं कमी होतं. आणि ज्यांच्यावर अशी वेळ आलेली नाही, तरी केवळ भिंतीवरचा फोटो बघून जे पैसे ठेवतात, त्यांना नक्की वाचवता येतं. मी त्यांच्यातला आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

माझ्या त्या दोन लाखांची पावती अजून कपाटात आहे. गुळगुळीत कागद, सोनेरी कडा, बँकेच्या पावतीपेक्षा देखणी. कधीमधी काढून बघतो. तिच्यावर चेअरमनची सही आहे, मॅनेजरची आहे. ज्या सहीवर विसंबून मी पैसे ठेवले, ती मात्र तिच्यावर नाही. ती कात्रीने झाली होती.

येत्या दसऱ्याला तुम्हाला आमंत्रणं येतील. हार असेल, पेढे असतील, मखमली तबकात कात्री असेल. ती उचलण्याआधी तीन कागद मागा. कोणी नाराज झालं तर माझं नाव सांगा, म्हातारा डोकं खातो म्हणून. आणि बाजारात टेबल टाकायचं ठरलं तर पहिल्या बुधवारी सकाळी आठला मी तिथे हजर असेन. खुर्ची घरून आणीन. मावशींना मी तसा शब्द देऊन बसलोय.



आपला,
एक निवृत्त कॅशियर
(घरपट्टी भरलेली, थकबाकी निरंक)